फुंकल्याशिवाय गाडी नाही

सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. इथल्या स्टेशनात 'लॉबी' म्हणतात ती एक खोली आहे. नावावरून वाटतो तसला थाट तिथं काही नाही. गाडी घेऊन निघणारा लोको पायलट ड्युटीवर येताना आधी या लॉबीत येतो, हजेरी लावतो, कुठल्या टप्प्यात वेग कमी ठेवायचा त्याचे कागद घेतो आणि एका मशीनमध्ये फुंकर मारतो. मशीननं दारू दाखवली तर त्याला इंजिन मिळत नाही. तो तीस वर्षांच्या नोकरीचा असो, गळ्यात तुळशीची माळ असो, आषाढीला दरवर्षी पंढरपूरला चालत जाणारा असो, फुंकर कुणाला चुकत नाही. आणि सगळ्यांनाच फुंकायचं असल्यामुळं 'माझ्यावर संशय घेतला' असं म्हणायला कुणाला जागाच राहत नाही.

आता स्टेशनातून बाहेर या. पुणे-हैदराबाद रस्त्यावर भरलेला ट्रक घेऊन निघणारा, उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून अंधारातून कारखाना गाठणारा, रात्री दोन वाजता तुळजापूरहून वऱ्हाडाची जीप आणणारा, यांतल्या कुणालाही निघण्याआधी कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर वाटेत, आणि तेही बहुधा ३१ डिसेंबरला.

दारू पिऊन गाडी चालवणं थांबवायचं तर शिक्षा आणखी कडक करा, असं प्रत्येक मोठ्या अपघातानंतर आपण म्हणतो. मला वाटतं, शिक्षा पुरेशी आहे. कमी पडते ती फुंकर. ती रोजची, सगळ्यांची, कधी आणि कुठं द्यावी लागेल याचा अंदाज न येणारी हवी. आज ती वर्षातून चार वेळा येणारा सण आहे.

कायद्याकडं आधी बघू, कारण तो सैल आहे असा एक समज आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे. म्हणजे लंडनमध्ये जो माणूस कायद्याच्या आत राहून घरी जाईल, तो आपल्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात गुन्हेगार ठरेल. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांपर्यंत नेला, सोबत किंवा त्याऐवजी सहा महिन्यांपर्यंत कैद. पुन्हा सापडला तर पंधरा हजार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सिग्नल तोडल्याचा दंड मोबाईलवरून भरता येतो, हा येत नाही. कोर्टात उभं राहावं लागतं. लायसन्स जातं ते वेगळंच. विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचे पैसे नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. एवढं सगळं असताना शुक्रवारी रात्री साडेअकराला ढाब्यासमोरच्या मोटारसायकली कमी झाल्यात का? होटगी रोडला किंवा विजापूर रोडला एकदा चक्कर मारून या.

मी हे कोरड्या पायानं काठावर उभं राहून लिहीत नाही. पंचविशीत तुळजापूर रोडच्या एका ढाब्यावरून मी गाडी चालवत घरी आलोय, एकदा नव्हे, अनेकदा. मित्र म्हणायचा, "काय होतंय बे, सावकाश जाऊ की." आणि खरंच काही व्हायचं नाही. घोटाळा तिथंच आहे. प्रत्येक सुखरूप फेरी आपल्याला शिकवते की आपल्याला जमतं, आणि आपल्याला कुणी धरतही नाही. असे पन्नास धडे घेतलेल्या माणसापुढं दहा हजारांच्या दंडाचा फलक लावून काय होणार? तो दंड त्याच्या लेखी दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

धरले जाण्याची शक्यताच वाटत नसेल तर दंडाचा आकडा कितीही मोठा करा, त्याला वजन येत नाही. हे ब्रिटननं अनुभवलं. तिथं १९६७ च्या कायद्यानं फुंकर तपासणी आली, खूप गाजावाजा झाला, अपघात एकदम घटले. मग लोकांच्या हळूहळू लक्षात आलं की रस्त्यात आपल्याला कुणी थांबवत नाही, आणि आकडे पुन्हा चढले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं डिसेंबर १९८२ मध्ये दुसरा मार्ग धरला. पोलिसाची गाडी कुठंही, कधीही उभी राहणार आणि ज्याला थांबवलं तो फुंकणार; प्यालाय असं दिसलं पाहिजे ही अटच नाही. तिथं झालेली घट टिकली. तिथं जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्यानं आयुष्यात कधी ना कधी फुंकलेलं असतं. तो मित्रांत बसताना 'आज सापडलो तर' हा विचार त्याच्यासोबत टेबलाला येऊन बसतो.

आपल्याकडची नाकाबंदी मात्र सोलापूरच्या पाण्यासारखी आहे. चार-पाच दिवसांआड येतं, पण कधी येणार ते गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. त्या हिशोबानं पिंप आधीच रिकामं करून ठेवलेलं असतं. नाकाबंदीचंही तसंच. थर्टीफर्स्ट, धुळवड, गटारी, एखादा रस्ता सुरक्षा सप्ताह. चौकही ठरलेले. व्हॉट्सॲपवर खबर बॅरिकेडच्या आधी पोचते आणि मंडळी आतल्या बोळांतून घरी जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात 'इतक्या तळीरामांवर कारवाई'. हा 'तळीराम' शब्दही मला खटकतो. त्यात एक लाडिक विनोद आहे. फुटपाथवर झोपलेल्याच्या अंगावर गाडी घातलेल्या माणसाला आपण तळीराम म्हणणार नाही, आणि आदल्या रात्री त्याच अवस्थेत सुदैवानं सुखरूप घरी पोचलेल्याला मात्र म्हणतो. फरक फक्त नशिबाचा.

पण दोष सगळा पोलिसांच्या माथी मारता येत नाही, कारण कायद्यातच एक पाचर आहे. कलम २०३ प्रमाणे पोलिसानं फुंकर मागायची तर आधी त्या चालकाबद्दल 'वाजवी संशय' असायला हवा. वाचायला हे न्याय्य वाटतं. रस्त्यावर याचा अर्थ असा होतो की हवालदारानं काच खाली करायला लावायची, तोंडाचा वास घ्यायचा, डोळे बघायचे आणि ठरवायचं. यात सापडतो कोण? झोकांड्या खाणारा, देशी प्यालेला, एमआयडीसीतून सुटलेला मोटारसायकलवाला. एसी गाडीत बसलेला, तोंडात वेलदोडा टाकलेला, शांत आवाजात 'नमस्कार साहेब' म्हणणारा निघून जातो. संशय हा कपड्यांवर आणि गाडीच्या किमतीवर जातो, रक्तातल्या मिलिग्रॅमवर नाही.

म्हणून ही अट काढावी. पोलिसानं थांबवलेल्या प्रत्येक चालकानं फुंकलं पाहिजे असा बदल करावा. नागरिकाच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, अशी तक्रार होईल. ती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या पोलिसाच्या हातात आणखी एक अधिकार देताना पोटात गोळा येतो हे खरं आहे. चिरीमिरीचं एक नवं दुकान उघडेल, असंही लोक म्हणतील. माझा अनुभव उलट सांगतो. घासाघीस चालते ती जिथं हवालदारानं 'ठरवायचं' असतं तिथं. थांबलेल्या प्रत्येकाला फुंकावं लागलं, मशीननं वेळ आणि आकडा छापला आणि त्याची नोंद वर गेली, की ठरवायला उरतं काय? घासाघीस संपूर्ण थांबेल असा माझा भाबडा दावा नाही. पण आज जी संशयावर चालते ती निदान आकड्यावर तरी येईल.

आकडाही पुढं टिकला पाहिजे, हे पुण्यानं आपल्याला शिकवलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर मेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर संताप झाला. मला निबंधापेक्षा दुसरी गोष्ट जास्त भयंकर वाटते. रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. शिक्षा वाढवा म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिक्षा जितकी जबर, तितकी ती चुकवण्यासाठी पैसे मोजायची तयारीही मोठी. घटनास्थळीच दिलेली फुंकर, जिची नोंद त्याच मिनिटाला दुसरीकडं जाऊन बसली आहे, ती बाटली बदलून बदलता येत नाही.

आता पुन्हा लॉबीकडं. रस्त्यावर पोलीस किती उभे करणार, असा प्रश्न रास्त आहे. पण आपल्या जिल्ह्याभोवती लॉब्या आधीच उभ्या आहेत, आपण त्यांना तसं म्हणत नाही एवढंच. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला हा जिल्हा. गाळप सुरू झालं की प्रत्येक कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागते. ड्रायव्हर नंबर घेतो, केन यार्डात थांबतो, वजनकाट्यावर चढतो, ऊस उतरवतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घेतो, पावती घेतो आणि मग बाहेर. म्हणजे एका खेपेत तो निदान दोनदा एका खिडकीसमोर थांबतो, तिथं माणूस आहे, वीज आहे, कॉम्प्युटर आहे. उसाचा एक-एक किलो मोजणाऱ्या त्या खिडकीत एक फुंकायचं मशीन ठेवायला काय अडचण आहे? काट्याच्या पावतीबरोबर फुंकर. दारू दाखवली तर ट्रॅक्टर यार्डात उभा, चावी खिडकीत, झोप काढ, सकाळी जा. पोलीस केस नाही, कोर्ट नाही, हप्ता नाही. मागं दिवा नसलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या, गाण्यांच्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न बुडवणाऱ्या दोन ट्रॉल्या मोहोळ-पंढरपूर पट्ट्यात रात्री ज्यानं गाठल्या आहेत त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

तेच चिंचोळीच्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचं. माल भरून बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात देताना फुंकर. सावळेश्वरला, तामलवाडीला टोलनाका आहे. फास्टॅगमुळं तिथं हल्ली गाडी थांबेनाशी झाली, पण अवजड गाड्यांच्या लेनमध्ये दर विसाव्या ट्रकला बाजूला घेणं अशक्य नाही. ट्रान्सपोर्टवाला म्हणेल, ड्रायव्हर मिळत नाहीत, त्यात हे लावलं तर कोण टिकेल? पण रेल्वेत टिकतातच की. आणि ड्रायव्हर का मिळत नाहीत याचं उत्तर त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कारण नशा फक्त बाटलीतून येत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं ड्रायव्हरचं काम दिवसाला आठ तास ठरवून दिलं होतं. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर असा 'एका दिवसात चार देव' करणाऱ्या भाविकांच्या गाडीचा ड्रायव्हर किती तास जागा असतो ते विचारा. सतरा तास जागा राहिलेला माणूस प्रतिक्रियेत जवळपास ५० मिलिग्रॅम दारू घेतलेल्यासारखा मंदावतो, असं १९९७ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं. म्हणजे आपल्या ३० च्या मर्यादेपेक्षा वाईट. त्याला फुंकायला लावून काही कळणार नाही. यावर मशीन नाही. देवाला निघताना दुसरा ड्रायव्हर सोबत घ्यायचा किंवा मुक्काम करायचा, एवढा एकच उपाय आहे आणि तो गाडी ठरवणाऱ्याच्या खिशात आहे.

सोलापुरात मशीनला चकवणारी आणखी एक गोष्ट आहे: ताडी. पूर्व भागात, कामगार वस्त्यांत ती पिढ्यान् पिढ्या प्यायली जाते. झाडाची ताडी ती ताडी. पण मागणीच्या मानानं झाडं कुठं आहेत? मग पाण्यात क्लोरल हायड्रेट मिसळून केलेली विकली जाते. हे गुंगीचं रसायन आहे, अल्कोहोल नाही. मशीन शून्य दाखवेल आणि माणूस हँडलवर पेंगेल. कलम १८५ मध्ये अमली पदार्थांचा उल्लेख आहे, त्यामुळं गुन्हा होतोच. पण रस्त्यावर तो सिद्ध करायचं साधन पोलिसाच्या हातात नाही. सिव्हिलला नेऊन रक्त घ्या, प्रयोगशाळेत पाठवा, अहवालाची वाट बघा. म्हणून इथल्या शहराच्या योजनेत ताडीच्या दुकानांची रासायनिक तपासणी हा वाहतूक सुरक्षेचाच भाग धरायला हवा. पुण्या-मुंबईची योजना जशीच्या तशी उचलून इथं लावली तर हे त्यात कधीच येणार नाही.

काही जण म्हणतील, हे सगळं कशाला, दारूच बंद करा. चंद्रपुरात २०१५ मध्ये केली, २०२१ मध्ये उठवली. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. त्यामागची कळकळ खरी होती. पुढं छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं, मग महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीला तो लागू नाही असं झालं, आणि काही राज्यांनी तर महामार्गाचा दर्जाच काढून घेतला. एक साधी गोष्ट मात्र त्या चर्चेत कुणी फारशी बोललं नाही. दुकान लांब नेलं की पिणारा चालत येणं बंद करतो आणि गाडीवर येतो. ढाब्यांवर उत्पादन शुल्क विभागाचे छापे पडतात, दारूबंदी कायद्याच्या ६८ आणि ८४ कलमांखाली मालक आणि गिऱ्हाईक दोघांवर गुन्हे होतात, ते व्हावेतच. पण छाप्यानंतर ती मंडळी शेतात बसतात, आणि शेतातूनही घरी गाडीवरच येतात.

त्याला घरी जायला दुसरं आहे काय? रात्री दहानंतर महापालिकेच्या परिवहनची बस शोधून दाखवा. शेअर रिक्षा नऊला पातळ होतात, साडेदहाला उरलेली रिक्षा दुप्पट मागते. मग गाडी ढाब्यावर सोडायची तर सकाळी ती असेल याची खात्री नाही. पिऊन गाडी चालवणाऱ्याची मी वकिली करत नाही. पण 'चालवू नको' असं सांगताना 'मग असा जा' हे सांगता आलं पाहिजे. परवाना असलेल्या प्रत्येक बारनं आणि परमिट रूमनं रात्री गाडी ठेवायची सोय आणि ठरलेल्या दराची रिक्षा द्यावी, ही परवान्याचीच अट का नसावी? दारूच्या प्रत्येक बाटलीमागं सरकार एवढं घेतं, त्यातला चिमूटभर रात्रीच्या बसला मिळायला काय हरकत आहे?

सापडलेल्या माणसाचं पुढं काय करायचं, यासाठी याच ६५ नंबरच्या पुणे-हैदराबाद रस्त्यानं तीनशे किलोमीटर पुढं बघावं. हैदराबादचे पोलीस पकडलेल्या चालकाला कोर्टात उभं करण्याआधी घरच्या माणसासह समुपदेशनाला बोलावतात. बायको, आई किंवा बाप शेजारच्या खुर्चीत. दहा हजार भरणारा माणूस घरी सांगतच नाही. इथं लपवता येत नाही. आपल्याकडंही असा विचार परका नाही. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं तेव्हा हातभट्टीच्या गावांत नुसते छापे न घालता अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतलं, लोकांना दुसऱ्या धंद्याला लावायचा प्रयत्न केला. दारू गाळणाऱ्याशी बसून बोलता येतं, तर पिऊन चालवणाऱ्याच्या घरच्यांशीही येईल.

आणि मोजा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात दारू-नशेच्या खात्यावर अवघी ४ हजार २०१ पडली, म्हणजे अडीच टक्के. यावर कुणाचा विश्वास बसतो? फिर्याद लिहिताना 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात' हे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात आणि मृत्यू वेगाच्या खात्यावर जातो. तो वेग कशामुळं आला होता हे त्या कागदाला माहीत नसतं. मेलेला चालक स्वतःच आरोपी असेल तर रक्त तपासायची तसदी कोण घेणार? मरणाऱ्यांत जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे आहेत, आणि त्यांतले कितीतरी असे एकटेच दुभाजकाला धडकून गेलेले. शहर आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राणघातक अपघातात चालकाच्या रक्ताचा आकडा, नाव न देता, दर महिन्याला जाहीर झाला पाहिजे.

हे प्रशासनाला झेपणारं नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला कोजागरीची आठवण देईन. त्या रात्री सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर माणसांचा पूर लोटतो आणि त्यांच्यासाठी महामार्ग गाड्यांना बंद होतो. वाहतूक वळवतात, जागोजागी बंदोबस्त लागतो, दवाखान्याच्या गाड्या उभ्या राहतात. अख्खा रस्ता बंद करणाऱ्यांना कारखान्याच्या खिडकीत एक मशीन ठेवणं जड नाही. कोजागरीनंतर थोड्याच दिवसांत गाळप सुरू होतं, ट्रॅक्टरांची पहिली रांग लागते. पहिल्या वर्षी दोनच कारखाने घ्या. एक मोहोळकडचा, एक मंगळवेढ्याकडचा.